लोटनला दाखवलेलं पिवळं कार्ड

चुडामण भिरूड जळगावजवळच्या असोद्याचा. घरी केळी आणि कापूस. थोरला भाऊ शेती बघायचा, म्हणून ह्याला भुसावळला वेल्डिंग शिकायला पाठवलं. तिथं रेल्वेच्या मैदानावर फुटबॉल चालायचा. चुडामणला खेळता कधी फारसं आलं नाही, पण नियम मात्र त्याच्या डोक्यात पक्के बसले. जिल्ह्याची पंचपरीक्षा तो पहिल्याच वेळी पास झाला. मी जळगावला शाळामास्तर. त्याच्या सामन्यांना झेंडा घेऊन लाइनवर उभा राहायचो. आमची ओळख तिथली.

आपल्या माणसाला तो जास्त कडक, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ८१ साली असोद्याच्या संघाचा गोल त्यानं ऑफसाइड देऊन नाकारला. गोल मारणारा त्याचा सख्खा चुलतभाऊ. निर्णय बरोबर होता, लाइनवर मीच होतो. चुलतभावानं वर्षभर बोलणं टाकलं. चुडामणला त्याचं वाईट वाटलं नाही. उलट थोडा अभिमानच वाटायचा.

८४ साली तो पाइपलाइनच्या कामावर मस्कतला गेला. शहराबाहेर माळावर कंपनीचा कॅम्प होता. शुक्रवारी सुट्टी, आणि सुट्टीला फुटबॉल. केरळचे, सुदानचे, पाकिस्तानातले, जो तो आपापल्या कॅम्पकडून खेळायचा. वाळूवर चुना टाकून रेषा आखायच्या. पंच नव्हता, म्हणून दर सामना मारामारीत संपायचा. चुडामणनं शिट्टी हातात घेतली आणि मारामाऱ्या थांबल्या. 'मास्तर, इथं कोणाची भाषा कोणाला कळत नाही, पण फाऊल सगळ्यांना कळतो,' असं त्यानं मला पत्रात लिहिलं होतं.

दोन वर्षांनी त्यानं एदलाबादच्या, म्हणजे आताच्या मुक्ताईनगरच्या, लोटन तायडेला तिकडे बोलावून घेतलं. लोटनचा खेळ आम्ही दोघांनी जळगावला पाहिला होता. डाव्या बाजूनं पळायला लागला की समोरचा बॅक जागीच उभा राहायचा. वडील नव्हते, आई मंजुळाबाई आणि एक लहान बहीण. चुडामण रजेवर आला तेव्हा 'भाऊ, तुमच्या भरवशावर धाडते,' असं म्हणून मंजुळाबाईनं पोराला त्याच्या हवाली केलं.

पुढचं मात्र त्यानं मला सात वर्षं सांगितलं नाही.

८७ च्या मे महिन्यातला शुक्रवार. लोटनच्या कॅम्पचा सामना दुसऱ्या कंपनीच्या सुदानी संघाशी. लोटन आदल्या रात्रीची पाळी करून आला होता. संध्याकाळचे पाच वाजले तरी वाळू बुटातून चटके देत होती. पूर्वार्धात लोटननं गोल केला. त्याचा संघ एक-शून्यनं पुढे. शेवटची पंधरा मिनिटं राहिली, तेव्हा तो मैदानातच खाली बसला.

चुडामण जवळ गेला. लोटन म्हणाला, "भाऊ, डोयापुढे अंधारी येऊन राहिली."

पुढे असलेला संघ वेळ काढायला खाली बसतो, हे चुडामण रोज बघत होता. बाहेरून सुदानी प्रेक्षक ओरडायला लागले. त्यातला एक मोडक्या हिंदीत म्हणाला, "तेरा आदमी है, इसलिए!" चुडामणनं लोटनला हाताला धरून उठवलं. पाच मिनिटांनी लोटन पुन्हा बसला. "भाऊ, मले बरं नाही वाटत."

"ऊठ. नाटकं करू नको," चुडामण म्हणाला आणि त्यानं खिशातून ताकिदीचं पिवळं कार्ड काढून वर धरलं.

प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. लोटननं त्याच्याकडे नुसतं बघितलं. उठला, चेंडूमागे वीसेक पावलं पळाला आणि तोंडावर पडला. मग उठला नाही. कंपनीच्या गाडीतून त्याला दवाखान्यात नेलं. अंगाला हात लावला तर तव्यासारखं तापलेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेल्याचं कळलं.

सामन्याचा अहवाल पंचाला लिहावा लागायचा. चुडामणनं लिहिला. ताकीद दिलेले खेळाडू ह्या रकान्यात लोटनचं नाव आणि कारण : वेळकाढूपणा. कॅम्पचा केरळी कारकून तो कागद वाचून त्याच्याकडे बघत राहिला. "मरे हुए आदमी को कौन कार्ड देता है?" असं म्हणून त्यानं तो फाडला आणि दुसरा अहवाल स्वतःच लिहिला. त्यात कार्डाचा उल्लेख नव्हता. चुडामणनं खाली सही केली.

लोटनला घेऊन तोच एदलाबादला आला. उन्हात खेळताना हृदय बंद पडलं, एवढंच त्यानं घरी सांगितलं. तेराव्यापर्यंत थांबला. मंजुळाबाई म्हणाली, "तुम्ही व्हते म्हनून पोरगं घरी तरी आलं." तिला भाऊ नव्हता. त्या दिवाळीला तिनं चुडामणला भाऊबीजेला बोलावलं आणि ओवाळलं. तो जळगावात असेल त्या प्रत्येक वर्षी ती ओवाळायची. साडी घेऊन तो जायचा आणि परत आला की दोन-दोन दिवस कोणाशी धड बोलायचा नाही. मला वाटायचं, लोटनची आठवण येत असेल.

मस्कतला तो परत गेला नाही. ८९ साली टांझानियातल्या एका साखर कारखान्याच्या उभारणीवर त्याला काम मिळालं. शिट्टी धरायची नाही असं ठरवून गेला होता, पण तिथल्या कामगारांना पंचपरीक्षेचं कळलं आणि त्यांनी सोडलं नाही. तिथं कोणी नुसता ठेचकाळला तरी हा खेळ थांबवायचा, डोळ्यांच्या पापण्या ओढून बघायचा, पाणी पाजायचा. नव्वद मिनिटांचा सामना अडीच तास चालायचा. ते लोक हसायचे, त्याला 'डाक्तारी', म्हणजे डॉक्टर, म्हणायचे. त्याला ते नाव आवडत नव्हतं, पण त्यानं थांबवणं सोडलं नाही.

तिथलं काम संपल्यावर तो परत आला. ९४ च्या मार्चमध्ये धुळ्याला जिल्ह्याजिल्ह्यांच्या स्पर्धेचा अंतिम सामना होता. जळगाव विरुद्ध धुळे. बाहेरचा पंच ऐनवेळी आला नाही, म्हणून पंच चुडामण, लाइनवर मी. जळगाव एक-शून्यनं पुढे आणि आठ मिनिटं बाकी. जळगावचा एक खेळाडू डोकं धरून खाली बसला. चुडामणनं शिट्टी वाजवली आणि पळत गेला. त्याला बाहेर सावलीत नेलं, अंगावर पाणी ओतलं, दवाखान्यात न्यायला जीप मागितली. दहा मिनिटं गेली. धुळ्याचे लोक उठून उभे राहिले आणि जळगावचा पंच जळगावला सांभाळतो म्हणून ओरडायला लागले.

"नाटक करी ऱ्हायना तो!"

"तू जळगावना शे, म्हनीसन!"

जीप येईपर्यंत वीस मिनिटं झाली. तोवर तो खेळाडू उठून बसला आणि ओशाळं हसून म्हणाला, "सर, मी बरा आहे. खाली बस म्हणून सांगितलं होतं आमच्या कोचनं." पहिला दगड तेव्हा आला. माझ्या खांद्याला लागला. उरलेला सामना अंधुक उजेडात कसाबसा उरकला आणि जळगाव जिंकलं.

धुळ्याच्या संघानं तक्रार केली. दुसऱ्या दिवशी संयोजकांच्या बैठकीत अध्यक्ष भटू आबांनी विचारलं, "भिरूड, पंधरा वर्षं पंच आहात. खेळाडू सोंग करतो हे तुम्हाला ओळखता येत नाही?"

"नाही येत," चुडामण म्हणाला. "एकदा ओळखायला गेलो होतो."

आणि मग त्यानं सगळं सांगितलं. लोटनचं बसणं, टाळ्या, कार्ड, फाडलेला अहवाल. सावकाश, रकाने भरल्यासारखं. "तो माझा माणूस नसता तर मी कार्ड काढलं नसतं," तो म्हणाला.  संयोजकांनी त्याला सामने देणं बंद केलं. कारण धुळ्यात त्याचा कोणाला भरवसा उरला नव्हता.

आठवडाभरानं तो माझ्या शाळेत आला. "मास्तर, मुक्ताईनगरला चला. बैठकीत सांगितलं ते आता मंजुळाबाईच्या कानावर जाईल. त्याआधी मीच तिला सांगितलं पाहिजे."

एस.टी.तून उतरून घरी पोचलो. मंजुळाबाईनं पाणी आणलं. तिनं चहा ठेवायच्या आत तो बोलायला लागला. ती दाराला टेकून ऐकत होती. त्याचं संपल्यावर तिनं एकच विचारलं.

"त्यानं तुमाले सांगितलं व्हतं, बरं नाही म्हनून?"

"हो अक्का. दोनदा."

तिनं पाण्याचे पेले उचलले. मग म्हणाली, "अन् मी तुमाले ओवायत व्हती." आत गेली आणि दार लोटून घेतलं. आम्ही थोडा वेळ ओट्यावर थांबलो. चूल फुंकल्याचा आवाज आला, पण कोणी बाहेर आलं नाही. परतीच्या गाडीत चुडामण म्हणाला, "तिनं शिव्या तरी द्यायला हव्या होत्या."

त्या वर्षी भाऊबीजेचं बोलावणं आलं नाही. चुडामण पाइपच्या कारखान्यात कामाला जायचा आणि घरी यायचा. मैदानाकडे फिरकायचा नाही. वजन उतरलं. बायको, कमलबाई, मला येऊन सांगायची की जेवताना घास हातात धरून बसून राहतात.

डिसेंबरात एका दुपारी मंजुळाबाई एकटीच असोद्याला आली. रविवार होता, मीही तिथं होतो. कमलबाईनं पुढे केलेलं पाणी तिनं घेतलं नाही. ओट्यावर बसली आणि चुडामणला म्हणाली, "मरन सांगितलं तुम्ही. त्याचा खेय नाही सांगितला. पहिल्यापासून सांगा. कोनाच्या अंगात कोनत्या रंगाचे कपडे व्हते, तेथून."

चुडामणला आधी जमेना. मग त्यानं अंगणात काडीनं मैदान काढलं. हा लोटनचा संघ, पिवळ्या बनियनमध्ये. हे सुदानी. इथून चेंडू मिळाला, इथं त्यानं पहिल्याला चकवलं, इथं दुसरा पडला. गोल कसा झाला ते तिनं तीनदा सांगायला लावलं. "डाव्या पायानं?" "हो, डाव्या." "लोकं ओरडले का?" "सुदानीसुद्धा ओरडले, अक्का." ती त्या काडीनं काढलेल्या रेघांकडे बघत होती. तो खाली बसला त्या जागेपाशी चुडामणचा हात थांबला. ती म्हणाली, "तेबी सांगा." त्यानं तेही सांगितलं. काहीच गाळलं नाही.

दोन तास गेले. मग पदर नीट करून ती उठली. माफ केलं म्हणाली नाही, काही वाईटही बोलली नाही. चुडामण फाट्यापर्यंत सोडायला निघाला, तर "नको" म्हणाली आणि एकटी चालत गेली. चुडामण अंगणात उभा होता. कमलबाईनं झाडू आणला, तेव्हा त्यानं तिला हातानं थांबवलं आणि त्या रेघांवर पाय न देता कडेकडेनं घरात गेला.