मोटारसायकलला झालेली उष्णता

माणसाला उष्णता होते हे मला मान्य आहे. आंबे जास्त झाले की होते, पपईने होते, सासरे महिनाभर राहायला आले की हमखास होते. पण मोटारसायकललाही ती होते, हा शोध माझ्या सासऱ्यांनी वारज्याच्या आमच्या पार्किंगमध्ये उभं राहून लावला आणि भोगला मी.

माझी गाडी जुनी आहे, पण जातिवंत. वारज्यात किक मारली की तिकडे मंडईत कोमेजलेल्या कोथिंबिरीच्या जुड्या ताठ उभ्या राहतात. त्या उन्हाळ्यात मात्र पुलाच्या चढावर ती आचके द्यायला लागली. बायकोने शांतपणे निकाल दिला, "अहो, रविवारी हिच्यावरून मंडईला जायचं आणि यायचं. वाटेत एकदा जरी बंद पडली, तर त्याच संध्याकाळी देऊन टाकायची." घेणारा सासऱ्यांनी आधीच हेरून ठेवला होता. त्यांच्या हास्यक्लबातले गृहस्थ. माझ्या गाडीकडे बघूनच जास्त हसायचे.

मी प्लग काढून पाहिला. विशेष काही नव्हतं. टोक झिजलेलं, फट रुंदावलेली. ठिणगी पडायला कंटाळत होती. तसाच नवा आणायचा आणि बसवायचा, विषय संपला. तेवढ्यात सासऱ्यांनी इंजिनाला बोट लावलं आणि चटकन मागे घेतलं.

"जावईबापू, हिला उष्णता झालीय."

"बाबा, इंजिन आहे ते. गरमच असतं."

"एवढं? थंड प्लग मिळतो म्हणे. तो द्या, बघा कशी शांत होते."

सब्जा, गुलकंद आणि ताक यांवर वाढलेल्या मला हे लगेच पटलं. नारायण पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो. मालक पेपर वाचत होते.

"थंड प्लग आहे का?"

"इथे प्लग मिळतात. कुल्फी पलीकडे."

मी जुना प्लग काउंटरवर ठेवला. त्यांनी त्यावरचा आकडा वाचला आणि त्याहून मोठ्या आकड्याचा पुढे सरकवला. मोठा आकडा म्हणजे थंड. हे कुणी ठरवलं, मला त्याला भेटायचं आहे. भर वैशाखात त्याला लक्ष्मी रोडवर अनवाणी उभा करून विचारायचंय, बाबा रे, पारा चढला की गार वाटतं का तुला?

"हा चालेल ना?" मी विचारलं.

"बसेल."

घरी आलो. आटे आधी हाताने धरवले, मग पान्याने आवळलं, वर टोपी दाबली. आणि सासरे म्हणाले तसंच झालं, गाडी शांत होत गेली. शुक्रवारी तर इतकी शांत झाली की सुरूच होईना. प्लग काढला तर काळा ठिक्कर. अख्ख्या वारज्यातल्या तान्ह्या बाळांना तीट लावून उरेल एवढी काजळी.

मग मी मुळाशी गेलो. थंड प्लग म्हणजे इंजिनाला गारवा देणारा नव्हेच. तो स्वतःजवळ उष्णता ठेवत नाही, एवढंच. शर्यतीच्या गाडीला ते ठीक. आमची गाडी कर्वे रोडवर रांगते. त्यात तो प्लग पुरेसा तापतच नाही आणि अंगावरची काजळी जाळू शकत नाही. गरम प्लग आपली काजळी आपण जाळतो. म्हणजे आमच्या आजारी गाडीला आम्ही नेमकं आजार वाढवणारंच औषध पाजलं होतं.

शनिवारी तणतणत दुकानात गेलो.

"हा चालणार नाही हे तुम्हाला माहीत होतं?"

"तुम्ही मागितलात."

"मी विचारलं होतं, चालेल का म्हणून."

"आणि मी म्हटलं, बसेल. बसला नाही का?"

यावर पुण्यात अपील नाही. मूळ आकड्याचा प्लग घेतला आणि घरी येऊन बसवला.

रविवारी बायकोने मंडईत सूडच उगवला. कैऱ्या, कलिंगडं आणि लहान बाळाएवढा एक फणस. परतताना प्रत्येक सिग्नलला माझा जीव त्या प्लगच्या फटीत अडकलेला. शेवटी पुलाचा चढ आला. मी मूठ पिळली आणि गाडी अशी उसळली की पुढचा डंपर घाबरून बाजूला झाला. मागून खांद्यावर थाप पडली. "जरा हळू. कैऱ्या सांडतील." तेरा वर्षांच्या संसारात आमच्याकडे याला शाबासकी म्हणतात.

पार्किंगमध्ये सासरे फोनवर होते. आमच्या पिशवीत कैऱ्या आणि चेहऱ्यांवर विजय बघून त्यांनी तिकडे त्या हसऱ्या गृहस्थांना सांगून टाकलं, "नाही, गाडी आता द्यायची नाही. बरी झाली. अहो, मी मुद्दाम आधी थंड दिला. सगळा विकार काजळीवाटे बाहेर पडला. मग गरम दिला. विरेचन म्हणतात याला. तुमचीही स्कूटर आचके देते ना? उद्या पाठवा. आमचे जावई लावतील हात, मी सांगेन तसा."

माझ्या कानांतून निघालेल्या वाफेवर मोदक उकडले असते. मी तोंड उघडलं, तर बायकोने फणस माझ्या हातांत दिला.

"अहो, गाडी राहिली ना? मग विरेचन तर विरेचन. वर चला."