सुतकात आलेली निवडणूक

माझे वडील दर निवडणुकीला पक्ष बदलत. उमेदवार म्हणून नव्हे, मतदार म्हणून. शहापुरात ग्रामपंचायत होती तेव्हाही आणि पुढे नगरपंचायत झाली तेव्हाही, एकदा ज्याला दिलं त्याला दुसऱ्यांदा द्यायचं नाही असा त्यांचा नेम होता. ते म्हणत, "एकदा दिलं का माणूस ओळख ठेवतो. दोनदा दिलं का त्याला वाटतं, ही आपल्याच दावणीची गुरं."

नेम पाळणं सोपं नव्हतं, कारण उमेदवारही एका जागी थांबत नसत. एका निवडणुकीत बाबांनी पुष्कळ विचार करून दुसरा पक्ष निवडला आणि दोन दिवसांनी त्या पक्षाचं पत्रक घरी आलं, तर त्यावर चेहरा मागच्याच माणसाचा. तो बाबांच्या आधी तिकडे पोचला होता. चहा गार होईपर्यंत बाबा त्या पत्रकाकडे बघत बसले. शेवटी म्हणाले, "मी रस्ता ओलांडून जातो, तर हा तिकडं उभाच."

गेल्या वेळी त्यांचं मत आमच्या गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या नगरसेवकाला गेलं होतं. आमची भावकी बाबा सांगतील तिकडे जाई, आणि गल्लीतली हारजीत बहुतेक भावकीवरच ठरे. म्हणजे या वेळी नगरसेवकाचं काही खरं नव्हतं. त्यालाही ते ठाऊक होतं. त्याने नुकताच पक्षही बदलला होता, पण त्याने बाबांच्या हिशेबात फरक पडणार नव्हता.

मग बाबांना छातीत दुखू लागलं आणि त्याच नगरसेवकाने आपली गाडी काढून त्यांना कल्याणला नेलं. आई मागच्या सीटवर बाबांचं डोकं धरून बसली होती. वाशिंदच्या पुढे कुठेतरी बाबा म्हणाले, "या वेळी परत तुलाच." आयुष्यभराचा नेम त्यांनी असा गाडीत मोडला. नगरसेवकाचे डोळे भरून आले, असं आई सांगते. बाबा परत आले नाहीत. मतदान नेमकं सुतकात आलं.

आमच्याकडे सुतकाच्या घरातून निघताना 'येतो' म्हणत नाहीत. नुसतं उठायचं आणि निघायचं. अशा कामासाठी या घरी पुन्हा यायची वेळ येऊ नये, एवढाच त्यातला भाव. त्या दिवसांत इतर दोन उमेदवार भेटून गेले आणि दोघांनीही सगळं रीतसर केलं. खाली मान घालून बसले, पाणीसुद्धा घेतलं नाही. उठले ते सरळ बाहेर, चपला अर्ध्या घातल्या, अर्ध्या ओढत नेल्या.

नगरसेवक संध्याकाळी आला. नव्या पक्षाचं उपरणं त्याने फाटकातच काढून खिशात कोंबलं होतं, त्याचं एक टोक बाहेर लोंबत होतं. भावकी सगळी ओटीवर होती. तो बाबांविषयी मनापासून बोलला, आईच्या पाया पडला. मग उठला, आणि महिनाभर दारोदार फिरून जी सवय लागली होती ती आड आली. दोन्ही हात जोडून, चारही बाजूंना वळून तो म्हणाला, "येतो मी. लक्ष असू द्या."

काय झालं ते त्याला फाटकाजवळ कळलं असावं, कारण तो तिथे जरा थांबला. पण परत येऊन सांगणार काय?

मुरबाडहून आलेली माझी मोठी आत्या भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "परत येतो म्हणाला. आता कोणाला न्यायला येतोस रे?"

"त्याच्या तोंडातून सवयीनं गेलं, वन्सं," आई म्हणाली.

"उमेदवाराच्या तोंडातून सवयीनंच जातं सगळं."

आत्याचं मत मुरबाडला. शहापुरात तिला मत नाही. पण तेराव्यापर्यंत ती आमच्याकडे होती, आणि मतदानाच्या आधीच तिने भावकीतली मतं एकेक करून फिरवली. मी कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसलेला असे, आणि मत द्यायचं माझं वय नव्हतं, त्यामुळे मला काही सांगायची तिला गरज वाटली नाही.

मतदानाच्या दिवशी आई पदर सारखा करून उठली.

"सुतकात मशीनला हात लावशील गो?" आत्याने विचारलं.

"मशीनला कसलं सुतक," आई म्हणाली आणि चपला घालून निघालीसुद्धा.

केंद्राबाहेर टेबलावर बसलेल्या कार्यकर्त्याने तिला बघून सवयीने दोन चिठ्ठ्या फाडल्या. दरवेळी दोघं बरोबर यायची. मग तो ओशाळला आणि एक मागे घ्यायला लागला. आईने दोन्ही घेतल्या. एक घेऊन ती आत गेली, दुसरी अजून तिच्या पाकिटात आहे.

नगरसेवक पडला. एस्टी स्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर आमच्या गल्लीचा कौल कसा फिरला याची चर्चा दिवसभर चालली. कुणी म्हणालं पाणी, कुणी म्हणालं गटार, कुणी म्हणालं पक्ष बदलला तो लोकांना आवडला नाही. माझे काका सगळ्यांना मान डोलावत होते. 'येतो' हा शब्द कुणी काढला नाही.

घरी मी आईला विचारलं, तू कुणाला दिलंस?

"त्यांनी शब्द दिला होता," ती म्हणाली. "दिलं त्याला. एकाने काय होतंय."

तेराव्याला निवडून आलेला उमेदवार आला नाही. त्याची मिरवणूक होती. पडलेला दुसराही आला नाही. नगरसेवक, आता माजी, सकाळीच आला. बाह्या सरसावून त्याने पंक्तीत भात वाढला, आत्याच्या पानात दोनदा. आत्याने भात घेतला, त्याच्याकडे पाहिलं नाही. सगळं उरकल्यावर तो हात पुसत उठला आणि ओठ घट्ट मिटून, कुणाशी नजर न मिळवता, फाटकाकडे चालू लागला.

"अरे," आईने ओटीवरून हाक मारली. "सांगून जा. तेरावा झाला आता."

तो वळला. आधी त्याने आत्याकडे बघितलं.

"येतो, काकू," तो हळूच म्हणाला.

"ये," आत्या मध्येच म्हणाली. "पण पुढल्या येळी कुठल्या पक्षातून येशील, ते सांगून ये."