धर्माजीदादांची नाडी

पालघरजवळच्या माहीमला आमच्या आळीत कुठल्या बाईच्या चुलीवर काय शिजतंय, ते आधी मला कळतं, मग तिच्या नवऱ्याला. फक्त शेजारच्या धर्माजीदादांकडे बातमी म्हणून मिळायची नाही. बायको कधीच गेलेली, मूलबाळ नाही. भांडायचं म्हटलं तरी कुणाशी? बोलायचे ते मळ्यातल्या पानवेलींशी.

पासष्ट साली वेलींवर कीड पडली. शेतकी खात्याच्या माणसानं फवारायचं औषध दिलं नि बजावलं, पायांत बूट घाला, अंग झाका. दादा हसले. "पानवेल आई हाय. आईच्या मळ्यात कोन चपला घालून जातो?" आंघोळ करून, पंचा नेसून, अनवाणी फवारत राहिले. पंप गळका. सगळी पाठ भिजली.

दुपारी कुंपणाशी आडवे. तोंडाला फेस, डोळ्यांना पाणी. मासळीची पाटी घेऊन चाललेली लाडकी कोळीण मला बघून ओरडली, "नरहरीभाव, तुमचे दादा ताडी पिऊन लोळतात!"

ताडी? दादांना ताकसुद्धा चढायचं! मी त्यांना बैलगाडीत घालून पालघरला नेलं.

डॉक्टरांनी आधी त्यांना साबणानं धुवून काढलं, मग सुई टोचली. नाडी अगदी मंद. म्हणाले, "हृदयाला 'हळू चाल' असा निरोप नेणारी एक नस असते. निरोप पोचला की शरीर तो लगेच पुसतं. या विषानं पुसणाऱ्याचेच हात बांधलेत. निरोप येतात नि हृदयावर बसूनच राहतात."

"पाहुणे उठेनात म्हणा की!"

"तसंच. सुईतलं औषध त्यांच्या जागा अडवतं. पण ते उतरलं की नाडी पुन्हा मंदावेल. नाडी धरून कुणीतरी बसा, मंदावली की हाक मारा. घरचं कोण आहे?"

मीच मनगट धरून बसलो.

दादा वाचले. मग रोज संध्याकाळी माझ्या ओट्यावर येऊन हात पुढं करायचे. "नरहरी, बघ रे जरा."

"नाडीचा घोडा उधळलाय, दादा! आता बायको बघू या?" तरी हात तसाच माझ्या हातात.

एकदा मी म्हटलं, "ठणठणीत आहे. आता बघायची गरज नाय." त्यांनी हात हळूच मागं घेतला. पुढं ते ओट्याकडे फिरकेचनात. त्यांच्या चुलीचा धूरही दिसेना.

शेवटी मीच मळ्यात गेलो. कुंपणाशी चपला काढल्या. दादा वेलीपाशी नुसते बसलेले. न विचारता मनगट धरलं.

"मंद वाटते हो. रोज बघावी लागणार."

"लबाड हायस," दादा म्हणाले. हात मात्र काढला नाही.