हॉर्न थांबेपर्यंत

केजहून तेलगावला जाताना जीपमध्ये शेजारी एक बालवाडीच्या बाई बसल्या होत्या. हॉर्न वाजला की त्या बोलता बोलता थांबायच्या आणि तो थांबला की तिथूनच पुढं बोलायच्या. आवाज मात्र चढवत नव्हत्या.

मी म्हणालो, "आमची नात पहिलीत हाय. वर्गात लक्षच देत न्हाई. गुरुजी वरडून दमले."

"वर्गावर पत्रे हायत?"

"हायत की."

"मग वरडलं की गोंगाट आनखी वाढतो. आमच्याकडं पोरांच्या आयांनी जुन्या लुगड्यांच्या वाकळा दिल्या, त्या भिंतींना टांगल्या. पोरं बहिरी नव्हती काका, खोलीच लई बोलत व्हती."

सोमवारी दोन वाकळा खांद्यावर टाकून मी नातीच्या शाळेत गेलो.

"हे काय?" गुरुजींनी विचारलं.

तेवढ्यात रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरनं हॉर्न दिला. तो थांबेपर्यंत मी थांबलो. मग सांगितलं.