राजभवनात पोहोचलेला वारज्याचा दावा

दिल्लीहून फोन आला तेव्हा मी न्हाणीघरात होतो. फोन बायकोनं घेतला. मी टॉवेल गुंडाळून बाहेर आलो तर ती म्हणाली, "तुम्हाला राज्यपाल करतायत. पाणी सांडलंय तिथे, जपून या."

आमच्या पुण्यात माणसाचं अभिनंदन करायची पद्धत जरा वेगळी आहे. शेजारचे निवृत्त मास्तर जिन्यात भेटले. म्हणाले, "ऐकलं. राज्यपाल. म्हणजे काम असं काही नसतं ना?"

"फारसं नसतं," मी म्हणालो.

"मग जमेल तुम्हाला," असं म्हणून ते दूध आणायला गेले.

मला राज्यपाल का केलं, याचा मी बराच विचार केला आहे. उमेदीच्या काळात मी काही चळवळ्या मंडळींचे खटले फुकट चालवले होते. त्यातले बहुतेक हरलो. मंडळी तुरुंगात गेली आणि तिथून मोठे पुढारी होऊन बाहेर आली. मी जिंकलो असतो तर ती आपापल्या घरी गेली असती. माझ्या पराभवांची अशी कुणीतरी नोंद ठेवली असावी. बाकी माझी सगळी वकिली जिल्हा कोर्टात झाली, जमिनीच्या आणि घरभाड्याच्या दाव्यांत. तिथे माझी ख्याती म्हणाल तर एकच. मी तारीख फार छान मागायचो.

राज्यपालाला वकिली करता येत नाही. तेव्हा हातातले सगळे दावे सोडायचे, आणि पक्षकारानं नेमलेल्या नव्या वकिलाच्या वकीलपत्रावर 'माझी हरकत नाही' अशी सही करायची. मी मनात निरोपाचे मोठे हृद्य प्रसंग रचून बसलो होतो. पक्षकार आले, सह्या घेतल्या आणि जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या उतरत गेले. एकानं पेढे आणले होते. ते माझ्या नेमणुकीचे की त्याच्या सुटकेचे, हे मी विचारलं नाही.

अडून बसले ते फक्त वारज्याचे थोरले.

या थोरल्यांनी आणि त्यांच्या धाकट्या भावानं ऐन तरुणपणी दुधाच्या धंद्यातून वारज्यात रान घेतलं होतं, दोघांच्या नावावर. पुढे शहर वारज्यापर्यंत आलं, आणि एक दिवस थोरल्यांनी माझ्यामार्फत धाकट्यावर वाटपाचा दावा लावला. कोर्टानं 'जैसे थे' असा आदेश दिला. म्हणजे निकाल लागेपर्यंत कुणी विकायचं नाही, बांधायचं नाही. त्यानंतर दावा चालला तो चाललाच. दोघे भाऊ तारखेला एकाच मोटारसायकलवर यायचे, कोर्टाच्या आवारात एकाच डब्यातून भाकरी खायचे आणि पुकारा झाला की दोन वेगवेगळ्या वकिलांच्या मागे जाऊन उभे राहायचे. मी ज्युनिअर मंडळींना सांगायचो, बघा, भांडावं तर असं. माणसाचा साधेपणा काय असतो तो बघा.

तर थोरले म्हणाले, "मी दुसरा वकील करणार न्हाई."

"अहो, मी पाच वर्षं येणार नाही."

"मग तारखा मागू. आमचा वकील राज्यपाल हाय म्हणून सांगू. जज काय न्हाई म्हणतोय व्हय?"

"असं चालत नाही."

"तुमच्यासारखा वकील मिळायचा न्हाई, सायेब," ते म्हणाले आणि खाली बघत बसले.

मी ते वाक्य डायरीत टिपून ठेवलं. जेवताना मी हे बायकोला सांगितलं. ती पोळी लाटत म्हणाली, "तुमच्यासारखा म्हणजे कसा, ते विचारलंत का?"

नव्हतं विचारलं. उलटतपासात ज्या प्रश्नाचं उत्तर आपल्याला ठाऊक नाही तो विचारू नये, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. मी तो घरीदारी सगळीकडे पाळत आलो आहे.

या निष्ठेची काहीतरी परतफेड करायला हवी, असं मी ठरवलं. माझ्या ऑफिसात एक ज्युनिअर होती. पोरगी कमालीची हुशार. तारीख मागायची म्हणजे तिला अपमान वाटायचा. मी तिला बोलावून वारज्याचं सगळं दप्तर हातात दिलं आणि म्हणालो, "हा माझा सगळ्यात जवळचा पक्षकार. याचा निकाल लावून दाखव."

"लावते, सर," ती म्हणाली. थोरल्यांनी वकीलपत्रावर सही केली, तेव्हा त्यांचा चेहरा इंजेक्शन घेणाऱ्या माणसासारखा झाला होता. मी त्याला विरह समजलो.

शपथविधीची हकीकत लपवण्यात अर्थ नाही, कारण ती छायाचित्रात आहे. शपथ द्यायला उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती समोर आले. उभा जन्म न्यायाधीशांपुढे वाकण्यात गेलेला. मी कमरेत वाकलो. ते बिचारे गडबडले आणि तेही वाकले. मग मला वाटलं, साहेब वाकले, आपण पुन्हा वाकायला हवं. असं आमचं काही वेळ चाललं. शेवटी बँडवाल्यांनी राष्ट्रगीत सुरू करून दोघांनाही सरळ उभं केलं.

विधिमंडळात पहिलं भाषण वाचलं तेव्हाही तेच. भाषण सरकारनं लिहिलेलं, मी फक्त वाचायचं. वाचता वाचता विरोधी बाकांवरून गलका झाला आणि माझ्या अगदी ओठांवर आलं की, साहेब, पुढची तारीख मिळावी. कसंबसं गिळलं.

एरवी राजभवनात करायला फार काही नव्हतं. सकाळी एक गणवेशधारी परिसहायक येऊन दिवसाचा कार्यक्रम सांगायचा. एकदा तो जरा घोटाळलेला दिसला. म्हणाला, "सर, फाटकावर दोन गृहस्थ आहेत. पुण्याहून आलेत. त्यांचा एकमेकांवर दावा आहे म्हणतात, आणि एकमेकांना पाठ चोळून देतायत. प्रवासात अवघडली म्हणे."

दोघांना आत घेतलं. थोरले दिवाणखान्यातल्या खुर्चीच्या कडेवर बसले, धाकटे त्यांच्या शेजारी. बरोबर पिशवीभर रानातली वांगी आणली होती. पिशवी बायकोनं उघडून बघितली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं, कारण राजभवनाचा खानसामा तिला स्वयंपाकघरात साध्या वांग्यालाही हात लावू देत नसे.

"काय म्हणतोय दावा?" मी ऐटीत विचारलं.

"बाई कामाला लागलीय," थोरले म्हणाले.

"म्हणजे चांगलंच की."

"कशाचं चांगलं? साक्षी झाल्या, तपासण्या झाल्या. आमी सांगून बी तारीख म्हणून मागंना. दोन म्हयन्यात निकाल लागतोय."

"मग हवंय काय तुम्हाला?"

धाकटे पहिल्यांदा बोलले. "थांबवा तिला."

मला काही उमगेना. तेव्हा थोरल्यांनी, लहान मुलाला समजवावं तसं मला समजावलं. भावाभावांत भांडण असं कधी नव्हतंच. दोघांचीही पोरं मोठी झाली होती आणि रान विका म्हणून मागे लागली होती. बिल्डर रोज दारात. कायद्यानं पोरांचा रानावर हक्क नव्हता, नुसता हट्ट होता. पण एकुलत्या एक पोराला तोंडावर नाही म्हणायचं या दोघांच्यानं होईना. मग कोर्टात गेलं की वर्षानुवर्षं सुटका नसते, असं कुणीतरी सांगितलं. दावा लावला. तेव्हापासून पोरानं विषय काढला की म्हणायचं, आमच्या हातात काय हाय, कोर्टात हाय.

"पण मग माझ्याकडेच का आलात?" इथे मी माझा पहिला धडा मोडला.

"आमी आधी चौकशी केली ना," थोरले म्हणाले. "समदे म्हणले, ह्यांच्याकडं गेला तर निकालाची काळजी नको. तुमी होता म्हणून दावा टिकला, सायेब."

बायको वांग्यांची पिशवी घेऊन आत जायला निघाली होती. तिनं नुसतं वळून माझ्याकडे बघितलं. तीस वर्षांच्या संसारात इतकं समाधान मी तिच्या चेहऱ्यावर पाहिलं नव्हतं.

"एक फोन टाका बाईला," धाकटे म्हणाले.

"मला असं करता येणार नाही. राज्यपालानं चालू खटल्यात तोंड घालायचं नसतं." आयुष्यात कायद्याच्या ज्या थोड्या मुद्द्यांवर माझी खात्री होती, त्यातला हा एक.

"मग ऱ्हातंय काय आमच्या हातात? निकाल लागला की पोरं कागद घेऊन सहीला बसतील. रान जाणार."

घटनेनं मला गप्प बसायचाच पगार दिला होता. उत्तर आलं आतल्या दारातून.

"मुलांना नाही म्हणा," बायको म्हणाली.

दोघांनी एकदम मान वर केली.

"तोंडावर?" थोरल्यांनी विचारलं.

"मग काय पाठीवर? अहो, जमीन तुमची, सही तुमची. ह्यांना राज्यपाल करण्यापेक्षा हे सोपं आहे."

थोरल्यांनी मान हलवली. "वहिनी, निकालापेक्षा तेच अवघड हाय," ते म्हणाले. दुपारी दोघांनी वांग्याचं भरीत पोटभर खाल्लं आणि रात्रीच्या गाडीनं परत गेले.

निकाल ज्युनिअरनं लावलाच. निम्मं-निम्मं. मला फोन करून तिनं आनंदानं सांगितलं, आणि मी आनंदानं ऐकलं.

मुदत संपवून पुण्यात परतलो, तेव्हा जिन्यात मास्तर भेटले. "संपलं का?" एवढंच विचारलं त्यांनी. पुढल्याच आठवड्यात मी वारज्याला गेलो. वाटेभर एकच विचार, की रान आहे की नाही.

निम्मं होतं. निम्म्यावर सात मजली इमारत उभी होती.

थोरले बांधावर बसले होते. मी शेजारी बसलो. त्यांनी आपणहून सांगितलं. निकालाच्या दिवशीच पोरगा कागद घेऊन आला. "मी म्हणलं, न्हाई. त्यो म्हणला, का? मी म्हणलं, मला विकायचं न्हाई. त्यो म्हणला, मग एवढी वर्षं कोर्टात कशाला घातली? म्हणलं, एवढं बोलायला तेवढी वर्षं लागली."

"मग?"

"चार म्हयने बोलला न्हाई. मग नातू झाला, तवा बोलायला लागला."

"आणि धाकटे?"

थोरल्यांनी हनुवटीनं इमारतीकडे खूण केली. "त्याच्यानं न्हाई झालं. तोंड उघडलं अन् 'बरं' म्हणून बसला."

तेवढ्यात धाकटे इमारतीच्या जिन्यातून उतरून आले. रोजच येतात म्हणे, सकाळी आणि दिवस कलताना. आल्या आल्या त्यांनी चपला काढल्या आणि वांग्यांच्या सरीतलं गवत उपटायला बसले.

"तिसऱ्या मजल्यावरून बघतो अन् मला शिकवतो, पानी कमी पडलं म्हणून," थोरले म्हणाले.

"पडलंच हाय," धाकटे म्हणाले. मग हात झटकत माझ्याजवळ आले. "सायेब, पुन्हा वकिली चालू केली का?"

"करीन म्हणतो. का?"

"बिल्डरनं गच्चीला गळती ठेवलीय. त्याच्यावर दावा लावायचाय."

मी सरसावून बसलो. पाच वर्षांनी पहिला पक्षकार, तोही बांधावर. "लावू की," मी म्हणालो.

धाकट्यांनी थोरल्यांकडे पाहिलं. थोरल्यांनी बांधाकडे पाहिलं.

"तसं न्हाई, सायेब," धाकटे अतिशय अदबीनं म्हणाले. "ह्याचा निकाल पायजे. तुमच्या त्या बाईंचा पत्ता द्या."

मी दिला.