नावं आली की बंद

लातूरला लेकीच्या घरी दुपारची गोष्ट. नात टीव्हीवर कार्टून बघत होती, मी तिच्या मागं दिवाणावर पडून होतो. गोष्ट संपली, काळ्या पडद्यावर नावं वर सरकायला लागली आणि तेवढ्यात त्या नावांचा एक छोटा चौकोन होऊन कोपऱ्यात गेला. बाकीच्या पडद्यावर दुसरंच कार्टून सुरू. पोरीनं बोटसुद्धा हलवलं नव्हतं, यंत्रानं आपल्या मनानं केलं.

"मागं घे. नावं दाखव," मी म्हणालो.

"आबा, नावं कोण बघतं?"

असंच मी कितीतरी वर्षं दुसऱ्यांना ऐकवलं होतं.

देगलूरला माझा व्हिडिओ हॉल होता. हॉल म्हणजे पत्र्याचं शेड, खाली सतरंज्या, पुढं टेबलावर टीव्ही आणि व्हीसीआर. शिक्षण माझं चौथी, पण ते मशीन मी स्वतः उघडायचो, साफ करायचो, परत जोडायचो. हैदराबादच्या मेकॅनिकनं हात टेकलेलं मशीन मी चालू करून दाखवलं आहे. फुशारकी नाही, खरं आहे म्हणून सांगतो.

रविवारी सकाळी लेकरांचा खेळ असायचा. त्याला मी निवडून बिनबोलाची कार्टूनं आणायचो. आमच्या गावात एका गल्लीत मराठी, दुसरीत तेलुगू, पलीकडं कानडी, बाजारात दखनी उर्दू. बोलणारं चित्र लावलं की अर्धी लेकरं शेजारच्याला 'काय म्हणाला, काय म्हणाला' करून बेजार करायची. गाढव चिखलात घसरलं की मात्र सगळा हॉल एकदम हसायचा.

गोष्ट संपून नावं यायला लागली की मी बटन दाबायचो. कॅसेट उलटी गुंडाळायला वेळ लागायचा आणि पुढच्या खेळाची लेकरं बाहेर उन्हात उभी असायची. नावं आली की बंद, हा माझ्या हॉलचा कायदा. त्याला विरोध करणारं एकच माणूस, माझी लेक. मशीनला खेटून बसायची आणि दर रविवारी म्हणायची, "अप्पा, थांबा की. नावं येऊन राहिलीत."

"मग मी काय करू? आपल्या गावातलं कुणी हाय का त्यात?"

लेकरं खिदळायची. लेक तोंड पाडून बसायची. मला तो विनोद इतका आवडला की मी तो कधी सोडला नाही.

तिला चित्रं काढायचा नाद होता. जुन्या पोस्टरच्या पाठीमागं तेच गाढव दहा वेळा काढायची, दर वेळी जरासं वेगळं. मग कागद कापून गड्डी करायची आणि अंगठ्यानं भरभर सोडायची. मी म्हणायचो, "कागद नासू नको." एकदा ती शाळेत गेल्यावर मी ती गड्डी घेतली आणि अंगठ्यानं सोडून बघितली. गाढव घसरलं. दोनदा बघितलं, गड्डी होती तशी ठेवून दिली आणि तिला बोललो नाही. तेव्हा दोन शब्द बोललो असतो तर माझं काय जाणार होतं?

बारावीनंतर ती म्हणाली, हैदराबादला कार्टूनचं काम शिकवतात. मी नाही म्हणालो, तिची माय हाव म्हणाली, आणि ती गेली. शिकून तिथंच कामाला लागली. परदेशातल्या मोठ्या कंपन्यांचं काम तिथं यायचं. मी एकदाच गेलो, भाकऱ्या आणि ठेचा घेऊन. एका खोलीत ओळीनं टेबलं, टेबलाला काच आणि काचेखाली दिवा. पोरं-पोरी माना मोडून बसलेली. लेकीनं समजावलं, "मोठे चित्रकार एका हालचालीचं पहिलं अन् शेवटचं चित्र काढतात. मधली सगळी आम्ही."

"म्हणजे वरात त्यांची अन् चालायचं तुम्ही."

हसली ती. तेव्हा ती एक म्हातारी काढत होती, बाजेवरून उठणारी. आधी हात टेकते, मग कंबर सावरते, मग उठते. एवढ्याला तिचे तीन दिवस गेले होते. मी विचारलं, "एवढं कुणाला कळतं गं?"

"काढलेलं न्हाई कळत, अप्पा. न्हाई काढलं की कळतं."

पुढं ते कार्टून पुरं झालं. दिवाळीला ती डिस्क घेऊन आली. म्हणाली, "शेवटी माझं नाव हाय." मी नुसतं "बघू" म्हणालो, आणि सकाळपासून अख्ख्या गल्लीला आवतन देऊन आलो. हॉल तोवर केबलनं बंद पाडला होता. तरी मी शेड झाडलं, सतरंज्या अंथरल्या, घरातला टीव्ही आणि डिस्कचं मशीन तिथं नेलं. सगळे जमले. लेक माझ्या शेजारी बसली. म्हातारी बाजेवरून उठली तेव्हा तिनं माझ्या दंडाला हात लावला. "हे माझं."

माझ्या आईचीच उठण्याची तऱ्हा होती ती. हात टेकायची ती, कंबर सावरायची ती. मी उगाचच खोकलो.

गोष्ट संपली. लोकांनी आळोखेपिळोखे दिले. नावं सुरू झाली आणि माझ्या अंगठ्यानं रिमोटचं बटन दाबलं.

शपथेवर सांगतो, मी नाही दाबलं, सवयीनं दाबलं.

"अप्पा, नाव," लेक हळूच म्हणाली.

मागून माझा मेव्हणा ओरडला, "दाजी, गावातलं कुणी हाय का त्यात?" सगळं शेड हसलं. मी पण हसलो. तिथंच परत लावायला पाहिजे होतं. पण डिस्क पहिल्यापासून सुरू झाली असती, लोक फराळाला उठले होते, आणि चारचौघांत 'माझं चुकलं' म्हणायची मला सवय नव्हती. "उद्या बघू," म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं ती हैदराबादला गेली, डिस्क पिशवीत घालून. परत तिनं ती आणली नाही. मी मागितली नाही.

दोन-तीन वर्षांत तिकडची टेबलं निघाली. परदेशातल्या कंपन्यांनी हातानं काढायचं सोडलं, सगळं कॉम्प्युटरवर गेलं. तिनं तेही शिकून बघितलं. म्हणाली, "त्यात माणूस आधीच बनवून ठेवलेला असतो, अप्पा. आपण नुसतं हलवायचं." मग ती जागाच बंद झाली. लग्न होऊन ती लातूरला आली. आता एका दुकानात लग्नपत्रिका आणि फ्लेक्स बनवते.

नातीबरोबर मी आजकालची मोठ्या कंपन्यांची कार्टूनं बघतो. वाईट म्हणवत नाही. अस्वलाच्या अंगावरचा केस न् केस दिसतो. पण अस्वल चाललं की जमिनीला वजन कळत नाही. आणि नवीन गोष्टच नाही, एकाच गोष्टीचा चौथा भाग, पाचवा भाग. आमचं गाढव एकदाच घसरायचं आणि आठवडाभर पुरायचं.

तर त्या दुपारी मी नातीला म्हणालो, "तुझ्या मायनं काढलेलं कार्टून लाव."

"मम्मीनं? मम्मी तर पत्रिका करते."

पोरीला ठाऊकच नव्हतं. स्वतःच्या लेकराला सुद्धा तिनं सांगितलं नव्हतं. कुणी शिकवलं तिला न सांगायला, ते मला कळलं.

लेक जेवायला घरी आली तेव्हा मी त्या कार्टूनचं नाव विचारलं. "कशाला आता?" म्हणाली. नातीनं हट्ट धरून वदवून घेतलं आणि टीव्हीवर शोधून काढलं. कुणीतरी नेटवर फुकट टाकून ठेवलं होतं, रंग फिका पडलेला. म्हातारी उठली. नातीनं तीन वेळा मागं घेऊन बघितलं. "मम्मी, हे तू? खरंच तू?" लेक स्वयंपाकघराच्या दारात ओल्या हातानं उभी होती, मान हलवली नुसती.

शेवट जवळ आला तसा मी रिमोट नातीकडं दिला आणि दोन्ही हात मांडीखाली घेतले. गोष्ट संपली. पडदा काळा झाला. एक नाव आलं, दुसरं अर्धं आलं आणि सगळं थांबलं. टाकणाऱ्यानं पुढचं कापलं होतं.

लेक म्हणाली, "त्यालाबी कॅसेट उलटी गुंडाळायची असंल."

नात हसली नाही, तिला कळलं नाही. मी म्हणालो, "ती डिस्क?"

"घर बदलताना कुठं गेली काय माहीत."

"त्या दिवाळीला, मी..."

"जेवा अप्पा, पोळी गार होऊन राहिली."

माझं वाक्य तिथंच राहिलं. अजून राहिलेलंच आहे.

नातीकडून मी तिच्या मायचं नाव इंग्रजीत लिहून घेतलं. तो कागद माझ्या खिशात असतो. नावं कोपऱ्यात जायला लागली की एक बटन दाबायचं, मग ती मोठी होऊन शेवटपर्यंत चालतात, हेही मी शोधून काढलं. गोष्ट संपली की मी कागद हातात धरून बसतो आणि एकेक ओळ ताडून बघतो. त्यात ती नसणार, हे मला कळतं, इतका काही मी अडाणी नाही. नात कंटाळून रिमोट मागते.

मी तिला म्हणतो, "थांब की. नावं येऊन राहिलीत."