गाव हललं नाही: पाच विरुद्ध चार

लिंबखेड्यात भुजंग रखमाजी तौर याला नावाने हाक मारणारं फारसं कोणी उरलं नव्हतं. लहानथोर सगळे त्याला ‘डायवर’ म्हणत. त्याची बायको नंदाबाई आष्टीच्या बाजाराला गेली, की भाजीवालीसुद्धा वांगी तागडीत टाकता टाकता विचारायची, “डायवरीनबाई, मालक कवा येनार?”

हे नाव भुजंगला सहज मिळालं नव्हतं. तरुणपणी त्याने वखर धरला की मातीतला तास वाकडा जायचा. पेरणीच्या दिवसांत लोक त्याच्या बांधाशी मुद्दाम थांबून बघायचे. त्याचा बाप रखमाजी वैतागून म्हणायचा, “ह्या पोराला सरळ रेघ म्हून काय ती ठाऊकच न्हाई!” मग भुजंग एका ट्रकवर क्लीनर म्हणून गेला. सरकीची पोती आणि रुईच्या गाठी वाहता वाहता चालवायला शिकला आणि १९७९ साली त्याने परभणीहून लायसन काढलं. वखरावर वाकडा जाणारा हात स्टेअरिंगवर मात्र असा सरळ चालायचा, की मागे झोपलेल्या हमालाची कूसही बदलत नसे. आपण कशासाठी जन्माला आलो हे भुजंगला तेव्हा कळलं.

१९८४ मध्ये तो आखातातल्या एका देशात गेला. तिथे बांधकामाच्या कंपनीत त्याच्याकडे पाण्याचा टँकर होता. पाच वर्षं त्याने वाळवंटात पाणी वाहिलं आणि गाडीला ओरखडा येऊ दिला नाही. पाच वर्षांनी तिथल्या लायसनची मुदत संपत आली आणि ते नव्याने करून घ्यायला तो वाहतूक खात्याच्या खिडकीशी जाऊन उभा राहिला.

खिडकीत जाड भिंगांचा चष्मा लावलेला एक म्हातारा अधिकारी होता. तरुणपणी त्याने मुंबईशी खजुराचा व्यापार केला होता, म्हणून हिंदी बोलायचा. पहिल्या वेळी कंपनीच्या एजंटाने पन्नास जणांचे कागद एकदम आत सरकवले होते, ते कोणी वाचले नव्हते. आता नवा नियम आला होता. परदेशी माणसाने आपल्या देशाचं मूळ लायसन आणि पासपोर्ट दोन्ही दाखवायचे आणि ते एकमेकांशी जुळायला हवेत. म्हाताऱ्याने दोन्ही शेजारी शेजारी ठेवले आणि चष्मा नाकावर खाली ओढला.

“लायसन में गाँव लिंबखेडा, जिल्हा परभणी. पासपोर्ट में गाँव लिंबखेडा, जिल्हा जालना. तुम दो आदमी है?”

“नहीं साब. आदमी एकच है. गाव भी एकच है.”

“तो गाँव उधर से इधर गया?”

“गाव नहीं गया साब. जिल्हा गया.”

म्हाताऱ्याने हातातलं पेन खाली ठेवलं. “जिल्हा कैसे जाता है?”

भुजंगने जमेल तसं समजावलं. १९८१ सालच्या मे महिन्यात जालना हा नवा जिल्हा झाला. परतूर तालुका परभणीतून काढून त्यात घातला. लिंबखेडा त्याच तालुक्यातलं. सरकारने केलं, गावाला कोणी विचारलं नाही.

“मतलब तुम रात को सोया परभणी में, और सुबह उठा जालना में?”

“जी साब.”

“और पलंग?”

“पलंग बिलकुल वहींच था, साब.”

म्हाताऱ्याने आपल्या नोकरीत उंटांची, माणसांची, फार तर वाळूच्या टेकड्यांची जागा बदललेली पाहिली होती. शेवटी त्याने दोन्ही कागद परत केले. “अपने गाँव का कागज लाओ. गाँव हिला नहीं, ऐसा कागज. ठप्पा के साथ.”

कंपनीच्या फोरमनने एक महिन्याची सुट्टी दिली आणि स्वच्छ सांगितलं, लायसन झालं तर टँकर, नाही तर काँक्रीटच्या टोळीत फावडं. भुजंगच्या डोळ्यांपुढे बापाचा वखर उभा राहिला. सरळ न चालणारा तोच हात पुन्हा मातीत घालायचा आणि लिंबखेड्यात पुन्हा नुसता भुजंग व्हायचं!

घरी पोहोचल्यावर नंदाबाईने आधी गुळाचा चहा दिला आणि मग सगळं ऐकून घेतलं.

“म्हंजी इतक्या लांबून तुमी येवढ्यासाठी आल्ते?”

“गाव जाग्यावरच हाय, असं लिहून न्यायचंय.”

नंदाबाईने दारातून बाहेर पाहिलं. समोर मारुतीचा पार होता, त्याच्याखाली नेहमीचं कुत्रं झोपलं होतं. “हाय की जाग्यावर,” ती म्हणाली. “मी रोज हितंच तं असती.”

दुसऱ्या दिवसापासून भुजंग हिंडू लागला. आधी जुन्या जिल्ह्याच्या गावी गेला. तिथल्या कारकुनाने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, “तुमचं गाव आता आमच्याकडं न्हाई. दुसऱ्याच्या जिल्ह्यातलं गाव हललं का न्हाई, हे आम्ही कसं सांगावं?” भुजंगला ते पटलं. मग तो नव्या जिल्ह्याच्या गावी आला. तिथला कारकूनही चांगला माणूस होता. त्याने खुर्ची दिली. “आजचं विचाराल तर गाव जागेवर आहे. पण ऐंशी साली ते कुठं होतं, हे आम्ही कसं सांगणार? तेव्हा आम्हीच नव्हतो.” भुजंगला तेही पटलं.

शेवटी एका कचेरीत त्याला आशा दिसली. तिथल्या माणसाने कपाटातून छापील कागदांचा गठ्ठा काढला. “दाखला आहे ना! गाव हलल्याचा. तुमचं गाव धरणात गेलंय का?”

“न्हाई हो. गाव कोरडं ठाक हाय.”

“मग अवघड आहे,” तो माणूस हळहळला. “धरणात गेलं असतं तर आत्ताच्या आत्ता दिला असता. गाव जागेवर असल्याचा दाखला आजवर कोणी मागितलाच नाही.”

भुजंग एसटीने परत निघाला तेव्हा खिडकीतून प्रत्येक गावाकडे संशयाने बघत होता. एकाही गावाकडे जागेवर असल्याचा पुरावा नव्हता.

वाट दाखवली ती ग्रामसेवक गिरिधरने. गिरिधर नीटनेटका माणूस. शाईचं पेन, टोपणाला चिकटपट्टी, शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावलेली. तो म्हणाला, “ग्रामपंचायतीचा ठराव घेऊ. गाव कुठं आहे हे गावानंच सांगावं, त्याहून मोठा अधिकार कोणाचा? ठरावावर शिक्का मी देतो.”

सरपंच तातेराव लगेच तयार झाला. पंचायतीत नऊ सदस्य होते. पाच तातेरावचे आणि चार विरोधातले. विरोधी पार्टीचा म्होरक्या होता काकासाहेब तौर, म्हणजे रखमाजीचा धाकटा भाऊ, भुजंगचा सख्खा चुलता. भुजंगला वाटलं, घरचंच माणूस आहे, मिटलं. सभेच्या दिवशी सकाळीच तो चुलत्याच्या ओसरीवर गेला.

काकासाहेबाने पुतण्याला जवळ बसवलं, पाठीवरून हात फिरवला, चहात दूध जास्त घालायला सांगितलं. आणि म्हणाला, “ठरावाला मी विरोध करनार.”

“अवो काका, पर गाव हललंय का?”

“गाव कशाला हलतं? येडा हायेस का!”

“मंग?”

“हे बघ भुजंगा. दहा साल झाले, तातेराव जे म्हनंल त्याला मी न्हाई म्हनून राह्यलो. त्यानं नळ आनतो म्हटलं, मी न्हाई म्हटलं. दिवे लावतो म्हटलं, न्हाई म्हटलं. उद्या तो म्हनला सूर्य उगवला, तरी आपली चार मतं विरोधात. आज मी हो म्हटलं तं लोक म्हनतील काकासाहेब इकला गेला. दहा सालाची मेहनत एका दिवसात पान्यात जाईल.”

“काका, माझ्या हातात फावडं येईल.”

काकासाहेबाच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. “पुतन्या म्हून तुझ्यासाठी जीव देईन. मत मातर न्हाई. चा घे, थंड होऊन राह्यला.”

सभा शाळेच्या खोलीत भरली. भुजंग दाराशी उभा राहिला. गिरिधरने ठराव वाचला, ‘मौजे लिंबखेडा हे गाव सन १९७९ पासून आजतागायत आपल्या जागेवरून हललेले नाही.’ काकासाहेब उठला आणि अर्धा तास बोलला. सरपंचांनी हा ठराव घाईने आणला, गावाच्या चारी बाजू कोणी मोजल्या का, ओढ्याकडची बाजू दोन बोटं सरकली नसेल हे कशावरून, असं सगळं त्याने विचारलं. त्याच्या पाठीमागचे तिघे प्रत्येक वाक्याला “बराबर!” म्हणत होते.

मग मतं घ्यायची वेळ आली. तातेरावच्या बाजूचे चार हात वर गेले. पाचवा गेला नाही. पाचवं मत झुंबरबाईंचं होतं आणि त्या मांडीवर हात ठेवून बसल्या होत्या.

“झुंबरबाई, हात,” तातेराव म्हणाला.

“कशाचा हात? आमच्या आळीचा हापसा दिवाळीपासून मोडून पडलाय. सतरा डाव सांगितलं. गाव जाग्यावर हाय म्हनता, मंग गावात पानी कुठंय?”

“अवो ते नंतर बघू.”

“नंतर न्हाई. न्हाई तं मी काकासायबाकडून हात वर करती. जाऊ द्या गाव कुठं जायाचं ते!”

काकासाहेबसुद्धा गडबडला. विरोध करणं वेगळं आणि विरोध जिंकणं वेगळं. दहा वर्षांत ते कधी घडलं नव्हतं. घडलं तर पुढे काय करायचं, हे त्याच्या पार्टीत कोणाला ठाऊक नव्हतं. गिरिधरने पेनाचं टोपण लावून टाकलं.

भुजंग बाहेर पडला. टँकरच्या पंपावर पाच वर्षं हात काळे केलेला माणूस तो. ट्रकवाल्या मित्राकडून पाने आणले, आळीत जाऊन हापशाचं डोकं उघडलं आणि बघितलं तर साखळी निसटलेली. पंचायतीची सगळी सभा उठून बघायला आली. काकासाहेबाने तर पाना धरला, कारण हापशावर अजून ठराव नव्हता आणि त्यामुळे विरोध करायचं कारण नव्हतं. पाण्याची धार लागली तशी झुंबरबाईंनी तिथेच, घागर काखेत घेऊन, उजवा हात वर केला.

“घ्या. न्हाई हललं गाव.”

गिरिधरने मात्र सगळ्यांना परत शाळेत नेऊन हात पुन्हा मोजले. पाच विरुद्ध चार. काकासाहेबाचा हात तेलाने काळा झाला होता, तो त्याने विरोधात वर केला.

ठराव लिहून होताना भुजंगने वाकून वाचला आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. “भाऊसाहेब, हे ‘पाच विरुद्ध चार’ कशाला लिहिता? सर्वानुमते लिहा की! तिथला म्हातारा लई बारीक वाचतो.”

“सर्वानुमते झालं असतं तर लिहिलं असतं,” गिरिधर म्हणाला आणि शिक्का उमटवला.

जालन्यात एका वकिलाने ठरावाचं इंग्रजी केलं, तिकडे गेल्यावर एका दुकानात त्याचं अरबी झालं. चार मतं दोन्ही भाषांतून सुखरूप पोहोचली. भुजंग खिडकीशी उभा राहिला तेव्हा त्याचे पाय वखरामागे चालल्यासारखे जड झाले होते.

म्हाताऱ्याने कागद वाचला. पुन्हा वाचला. बोट एका ओळीवर थांबलं.

“चार आदमी बोलते हैं, गाँव हिला?”

“जी साब.”

“कौन हैं ये चार?”

“एक तो मेरा सगा चाचा है.”

“चाचा ने देखा, गाँव हिलते हुए?”

“नहीं साब. सरपंच बोला नहीं हिला, इसलिए चाचा बोला हिला.”

म्हाताऱ्याने चष्मा काढला. शेजारच्या खिडकीतल्या माणसाला हाक मारली, कागद दाखवला, दोघं अरबीत काहीतरी बोलले. मग दोघंही हसायला लागले आणि रांगेतल्या लोकांना कळेना की झालं काय. म्हाताऱ्याने डोळे पुसले.

“मेरा भी एक भाई है,” तो म्हणाला. “मैं बोलता हूँ कुआँ मीठा, वो बोलता है खारा. चालीस साल से वही पानी पीता है.” त्याने ठरावावर बोट आपटलं. “इधर झूठा कागज रोज आता है. झूठे कागज में सब लोग हाँ बोलते हैं. ये चार आदमी कोई झूठा नहीं बनाएगा.”

आणि त्याने शिक्का मारला.

भुजंगने त्यानंतर दहा वर्षं टँकर चालवला. लायसन पुन्हा करायची वेळ आली, तेव्हा म्हातारा खिडकीतून उठून निवृत्त झाला होता, पण ठराव भुजंगच्या कागदांना टाचलेला होता आणि त्यामुळे कोणी काही विचारलं नाही. १९९९ साली तो कायमचा परत आला आणि आष्टी ते लिंबखेडा जीप चालवू लागला.

पण गोष्ट आहे ती ठरावानंतरच्या पहिल्या सुट्टीतली. त्या सुट्टीत त्याने अत्तराच्या दोन बाटल्या आणल्या, एक लहान आणि एक मोठी. लहान तातेरावला दिली. मोठी घेऊन चुलत्याच्या ओसरीवर गेला आणि खिडकीतलं सगळं बोलणं सांगितलं. काकासाहेबाने ते दोनदा सांगायला लावलं.

“मंग?” तो मिशीला अत्तर लावत म्हणाला. “मी विरोध केला म्हून तुझं लायसन झालं. हे गावाला समजलं पायजे.”

गावाला ते संध्याकाळपर्यंत समजलं. तातेरावला मोठ्या बाटलीची बातमी आधी कळली आणि तो घुश्श्यात आला. मग श्रेय आपल्याकडे ओढायला त्याने त्याच आठवड्यात सभा बोलावून ठराव मांडला, की परदेशात गावाचं नाव राखल्याबद्दल भुजंग रखमाजी तौर यांचा नारळ देऊन सत्कार करावा. भुजंगला पुढे खुर्चीवर बसवलं होतं. नंदाबाई दाराशी पदर सावरून उभी होती.

काकासाहेब उठला. त्याच्या अंगाचा अत्तराचा घमघमाट मागच्या भिंतीपर्यंत गेला. त्याने पुतण्याकडे मायेने पाहिलं आणि हात विरोधात वर केला. मागोमाग तिघांनी केला.

“लिहा गिरिधर,” झुंबरबाई म्हणाल्या, “पाच इरुद्ध चार. आन् नारळ फोडा.”